यामाहाचा टीआरबीएक्स बेस घ्यावा का? मंडपात वाजवणाऱ्या नवख्यांसाठी

आमच्या परभणीकडे बेस म्हणजे कीबोर्डवाल्याचा डावा हात. भीमगीतांची गायन पार्टी असो की लग्नातला ऑर्केस्ट्रा, खालचे सूर कीबोर्डवरून येणार आणि ठोका ऑक्टोपॅडवरून. चार तारांची ती लांबलचक गिटार गळ्यात अडकवून कुणी उभं राहिलं, की पहिल्या रांगेतला एक जण हमखास विचारतो, "ह्याच्या दोन तारा तुटल्या का?" मीही बरीच वर्षं डावा हातच होतो. मग बेस घेतला, आणि घेताना करता येतील तेवढ्या चुका करून झाल्या.

आता नवी पोरं विचारायला येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "दादा, यामाहाचा टीआरबीएक्स घेऊ का?" नुसतं "घे" म्हणून भागत नाही. टीआरबीएक्स हा काही एकच बेस नव्हे. ती १७४, ३०४, ५०४ अशा आकड्यांच्या मॉडेलांची सगळी भावकी आहे, आणि भावाभावांचे स्वभाव वेगळे आहेत.

घाईत असाल तर माझं मत आधीच ऐका. मालिका घेण्यासारखी आहे. पण आपल्याकडे मिक्सर कुणाचा, वायरिंग कुणी केलंय आणि लाइट कधी जाईल, ह्यातलं काहीच आपल्या हातात नसतं. म्हणून पहिला बेस १७४ घ्या आणि उरलेल्या पैशांतून एक डीआय बॉक्स, म्हणजे बेस आणि मिक्सरच्या मध्ये लावायची डबी, घ्या. वाजवून पैसे यायला लागले की ५०४ बघा. मधला ३०४ चांगला वाजतो, पण तो सगळ्यांसाठी नाही. का, ते पुढे येतंच.

पायरी १: आधी ठरवा, बेस वाजणार कुठे

घरी हेडफोन लावून शिकायचं असेल तर ह्यातला कुठलाही घ्या, रंग आवडला म्हणून घेतलात तरी चालेल. चर्चमध्ये किंवा कॉलेजच्या बँडमध्ये वाजवणार असाल, जागा ठरलेली असेल आणि बेसचा अँप तिथेच असेल, तरीही फार काळजी नाही.

मंडपात वाजवणार असाल तर मात्र खालचं सगळं वाचा. तिथे तुमचा अँप नसतो. साउंडवाला एक वायर पुढे करतो, "पिन लावा भैय्या, टाकतो लाइनीत" म्हणतो आणि जनरेटरकडे निघून जातो. तुमचा आवाज कसा येईल ते त्या एका वायरीवर ठरतं.

पायरी २: भावकी ओळखून घ्या

आकड्यातला शेवटचा अंक म्हणजे तारांची संख्या. १७४, ३०४, ५०४ चार तारांचे. ३०५ आणि ५०५ पाच तारांचे. एवढं माहीत नसल्यामुळे ३०४ ऐवजी ३०५ ची ऑर्डर देऊन बसलेला एक गडी मला माहीत आहे.

तारेची लांबी ३४ इंच आणि फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, २४, हे ह्या भावंडांत सारखं आहे. फरक पोटात आहे.

१७४ पॅसिव्ह आहे. आत बॅटरी नाही, सिग्नल वाढवणारा प्रिॲम्प नाही. पुढचा पिकअप (तारांचा कंप पकडून त्याचा सिग्नल करणारा चुंबकाचा भाग) दोन तुकड्यांत विभागलेला आहे. फेंडरने १९५७ साली आपल्या प्रिसिजन बेसवर आणला तो हाच प्रकार. मागचा एका पट्टीचा, जॅझ बेसच्या धर्तीचा. दोन व्हॉल्यूम, एक टोन, संपलं.

३०४ चं अंग महोगनीचं आणि मान मेपल-महोगनीच्या पाच पट्ट्या जोडून केलेली. दोन जाडजूड हंबकर (दोन कॉइलचे) पिकअप, आत प्रिॲम्प, त्याला ९ व्होल्टची बॅटरी. बास आणि ट्रेबलचे वेगळे नॉब आहेत, शिवाय स्लॅप, पिक, फ्लॅट, फिंगर, सोलो असा पाच जागांचा एक स्विच.

५०४ मध्ये ईक्यू तीन पट्ट्यांचा, म्हणजे खालचे, मधले आणि वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करणारा, आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ॲक्टिव्ह-पॅसिव्ह बदलणारा स्विच. बॅटरी गेली की स्विच पाडायचा आणि वाजवत राहायचं.

पहिला सापळा इथेच आहे. "ॲक्टिव्ह" म्हणजे भारी आणि "पॅसिव्ह" म्हणजे गरिबाचा, असा आपल्याकडे एक समज आहे आणि दुकानदार तो मोडायला जात नाही. जगातले कितीतरी नावाजलेले बेसवाले आयुष्यभर पॅसिव्ह बेसवर वाजवत आले आहेत.

दुसरा सापळा तो पाच जागांचा स्विच. दुकानात एकट्याने वाजवताना "स्लॅप"वर आवाज असा झगमगतो की माणूस तिथल्या तिथे पैसे काढतो. पण त्या जागेवर मधले सूर दबतात, आणि ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड सुरू झाले की बेसला ऐकू आणतात ते नेमके हेच मधले सूर. घेतलाच ३०४, तर मंडपात "फ्लॅट" किंवा "फिंगर"वर ठेवा आणि विसरून जा.

पायरी ३: बॅटरीचा आणि वायरीचा हिशेब करा

एका १४ एप्रिलच्या कार्यक्रमाची गोष्ट. माझा बेस दुरुस्तीला होता, म्हणून मित्राचा एक ॲक्टिव्ह बेस उसना आणला होता. घरी पंधरा-वीस दिवस तालीम केली आणि रोज तालीम संपली की बेस पिनेसकट कोपऱ्यात उभा करून ठेवला. ॲक्टिव्ह बेसमध्ये पिन आत घातली की बॅटरी सुरू होते, वाजवा नाहीतर न वाजवा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला आवाज फाटायला लागला, चौथ्याला बंद. गायक मागे वळून बघतोय, मी वायर हलवतोय, साउंडवाला ओरडतोय, "आवाज येईना झालाय तुमचा!" पुढचा सगळा कार्यक्रम कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताने निभावून नेला. चूक शंभर टक्के माझी होती. पण ३०४ ला पॅसिव्ह स्विच नाही, म्हणजे त्या जागी तो असता तर हीच गत झाली असती.

म्हणून ३०४ घेणाऱ्याने तीन नियम पाळावेत. वाजवून झालं की पिन काढायची. बॅटरी अल्कलाइन घ्यायची, स्वस्तातली साधी नको. आणि एक नवी बॅटरी कायम बॅगेत ठेवायची. तालुक्याच्या गावात "गिटारची बॅटरी" मागाल तर दुकानदार तोंडाकडे बघत बसेल. "मल्टिमीटरची चौकोनी बॅटरी" म्हणा, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ३०४ वर अन्याय होईल. पॅसिव्ह बेसचा सिग्नल नाजूक असतो. त्याला समोरून साधारण दहा लाख ओहमचा इनपुट लागतो, आणि मिक्सरचा साधा लाइन इनपुट दहा हजार ओहमच्या आसपास असतो. १७४ ची पिन थेट त्यात घातलीत की आवाज ब्लँकेटखालून आल्यासारखा येतो. ॲक्टिव्ह बेसचा प्रिॲम्प हे ओझं स्वतः उचलतो, म्हणून ३०४ थेट मिक्सरमध्येही बरा वाजतो. "१७४ चा आवाज मेलेला आहे" अशी तक्रार ऐकू येते, ती बहुतेक वेळा ह्या थेट जोडणीची असते. बिचाऱ्या बेसचा त्यात दोष नसतो.

ह्यावर इलाज म्हणजे डीआय बॉक्स, हाताच्या पंजाएवढी डबी. एका बाजूने बेसची पिन आत, दुसऱ्या बाजूने माइकची तीन टाचण्यांची वायर बाहेर, ती मिक्सरच्या माइक इनपुटमध्ये. वायर लांब असली तरी आवाज मरत नाही आणि खरखर शिरत नाही. पॅसिव्ह बेसला ॲक्टिव्ह डीआय घ्या. त्याला लागणारे ४८ व्होल्ट मिक्सरच्या फँटम पॉवरमधून, म्हणजे माइकच्या वायरीतूनच येणाऱ्या विजेतून, मिळतात. साउंडवाल्याला फक्त ते बटण दाबायला सांगायचं. काही डीआय बॅटरीवरही चालतात, म्हणजे पुन्हा बॅटरीच. पण डीआयची बॅटरी संपली तर फँटम आहे, ३०४ ची संपली तर काहीच नाही.

माझ्या हिशेबाने १७४ आणि डीआय मिळूनसुद्धा ३०४ पेक्षा पैसे कमी लागतात. शिवाय उद्या बेस बदललात तरी डीआय तुमच्याकडेच राहतो.

मग ३०४ कुणी घ्यावा? ज्याला जाडसर, भरलेला आवाज आवडतो, जो बहुतेक घरी किंवा एकाच ठरलेल्या जागी वाजवतो, आणि ज्याला बॅटरी बदलायची आठवण राहते, त्याने. मला राहत नाही.

पायरी ४: घूं आणि झटका, दोन्ही समजून घ्या

मंडपात झालर लाइट, डिमर, जनरेटर सगळं एकाच बोर्डावर असतं. त्यातून बेसमध्ये "घूं" असा आवाज शिरतो. हंबकर पिकअप तो कापतात, म्हणून ३०४ आणि ५०४ इथे शांत राहतात. १७४ चा मागचा एकपट्टी पिकअप मात्र घूं उचलतो. उपाय सोपा आहे: मागचा व्हॉल्यूम पूर्ण बंद, पुढचा पूर्ण चालू. दोन तुकड्यांचा पुढचा पिकअप स्वतःच घूं कापतो, आणि मंडपात तसाही त्याचाच आवाज पुढे येतो.

तारांना हात लावल्यावर घूं कमी होत असेल तर घाबरू नका, ते नेहमीचं आहे. पण तारांवर हात असताना ओठ माइकला लागले आणि चटका बसला, तर तिथल्या तिथे वाजवणं थांबवा. अर्थिंग नाही किंवा फेज उलटा आहे. घूं जावी म्हणून अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे महाभाग मी पाहिलेत. ते कुणी करत असेल तर त्याच्यासोबत स्टेजवर चढू नका. दहा-वीस रुपयांचा टेस्टर बॅगेत ठेवा. वाजवण्याआधी माइकच्या जाळीला लावून बघायला अर्धं मिनिट लागतं.

पायरी ५: चार तारा की पाच, हे गायकाच्या पट्टीवरून ठरवा

इंटरनेटवर ह्या प्रश्नावर लोक तासन्‌तास भांडतात, पण आपल्या कामाचं उत्तर त्यात मिळत नाही, कारण आपला गायक "सी शार्प" म्हणत नाही. तो म्हणतो, "काळी एक धर."

चार तारांच्या बेसवर सगळ्यात खालची मोकळी तार म्हणजे ई, पेटीवरची पांढरी तीन. तिच्याखाली काही नाही. आता तुमचा गायक काळी एक किंवा काळी दोनमध्ये गात असेल, आणि आपल्याकडे पुरुष गायकांत ह्या दोन पट्ट्या भरपूर चालतात, तर खालचा षड्ज तुमच्या चार तारांत बसत नाही. तुम्हाला तो ए तारेवर घ्यावा लागतो: काळी एक चौथ्या फ्रेटवर, काळी दोन सहाव्या फ्रेटवर. वाजतं छान, गाणं कुठे अडत नाही. फक्त तो पोटात जाणारा सा मिळत नाही.

पाच तारांच्या बेसवर सगळ्यात खाली बी येते, म्हणजे पांढरी सात. तिच्यावर काळी एक दुसऱ्या फ्रेटवर आणि काळी दोन चौथ्या फ्रेटवर, अगदी खालच्या सप्तकात. वाचून लगेच ३०५ घ्यावासा वाटेल. थांबा. मोकळी ई साधारण ४१ हर्ट्झवर वाजते आणि मोकळी बी ३१ हर्ट्झवर. गावातल्या कार्यक्रमाला उभे केलेले लहान स्पीकर एवढं खाली जातच नाहीत. तुम्ही बी तार छेडता, तुमच्या पोटाला कंप जाणवतो, समोरच्याला नुसती गुरगुर. मोठे सबवूफर लावणाऱ्या पार्टीसोबत कायम वाजवत असाल तरच पाचवी तार उपयोगाला येते. नवख्याने चारवरच हात बसवावा. पाच तारांच्या रुंद मानेवर नको असलेल्या तारा दाबून गप्प ठेवणं हीच एक वेगळी शिकवणी आहे.

पायरी ६: दुकानात जाऊन वाजवून बघा

संभाजीनगर, नांदेड, लातूरला वाद्यांची दुकानं आहेत, पण भिंतीवर पेट्या, तबले, कीबोर्ड आणि साध्या गिटारी जास्त; बेस एखादाच टांगलेला. दोन-तीन मॉडेल शेजारी ठेवून बघायची असतील तर पुणे गाठा. नांदेडकरांना हैदराबाद जवळ पडेल. आधी फोन करून "१७४ आणि ३०४ दोन्ही आत्ता दुकानात आहेत का, मागवून देतो असं नको" एवढं पक्कं करून घ्या, नाहीतर एसटीचं भाडं वाया.

मोबाइलच्या स्पीकरवर व्हिडिओ ऐकून बेस निवडू नका. त्या इवल्याशा स्पीकरमधून बेसचे खालचे सूर बाहेरच येत नाहीत. निदान हेडफोन लावा.

दुकानात हे बघा:

बेस अंगाकडून डोळ्यासमोर धरून मानेकडे बघा. किंचित पुढे वाकलेली चालते, पिळलेली चालत नाही. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट दाबून वाजवा. कंटाळवाणं आहे, पण करा. सगळ्यात बारीक "जी" नावाच्या तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटपाशी सूर इतरांपेक्षा लवकर मरतो का, ह्याकडे कान ठेवा. लांब मानेच्या बेसवर ही दुखरी जागा असू शकते. त्याच मॉडेलचा दुसरा नग मागा, फरक सापडेल. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून निघणारा सूर आणि तार दाबून निघणारा सूर ट्यूनरवर एकच दिसला पाहिजे. सगळे नॉब फिरवा, खरखर नको. पिन हलवा, आवाज तुटायला नको. मानेच्या कडेवरून तळहात फिरवा, फ्रेटची टोकं बोचायला नकोत.

शेवटी पट्टा लावून पंधरा मिनिटं उभं राहून वाजवा. बसून सगळे बेस हलके लागतात.

शेजारी स्क्वायर ॲफिनिटीचा प्रिसिजन किंवा आयबानेझचा जीएसआर २०० टांगलेला असेल तर तोही हातात घ्या. ॲफिनिटी प्रिसिजनला २० फ्रेट, जीएसआरला २२. त्या वरच्या फ्रेटवर मी मंडपात आजवर गेलेलो नाही, त्यामुळे २४ फ्रेट हे १७४ घेण्याचं कारण होऊ देऊ नका. मान कुठली हाताला बसते ते बघा. मला यामाहाची बसली. माझ्या जाडजूड बोटांच्या मित्राला प्रिसिजनची बसली, आणि त्याने तोच घेतला.

पायरी ७: ऑनलाइन आणि जुना घेताना

ऑनलाइन घेतलात तर खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा, बाहेरच्या चिकटपट्टीपासून. माझा पहिला बेस पार्सलने आला तेव्हा मानेवरची नट (तारा टेकतात ती खाचांची पट्टी) फुटलेली होती. व्हिडिओ नव्हता म्हणून बदलून मिळायला महिना गेला, तोही रोज फोन करून.

जुना घेताना १७४ ला सगळ्यात कमी धोका, कारण आत बिघडायला फारसं काही नाही. जुना ३०४ असेल तर मागचं बॅटरीचं झाकण उघडून बघा. बॅटरी गळून पत्रे हिरवे पडले असतील तर किंमत पाडा किंवा निघून या.

जवळ ठेवायचे कागद:

- जीएसटीचं बिल, त्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहिलेला. बेसवरचा नंबर दुकानातच जुळवून घ्या.
- वॉरंटी कार्ड, शिक्का आणि तारखेसह.
- जुना घेतलात तर विकणाऱ्याच्या सहीची पावती, सिरीयल नंबरसह. पुढे विकताना हीच कामी येते.
- बिलाचा आणि नंबरचा फोटो मोबाइलमध्ये. रात्री नाक्यावर गाडी अडवून "हे वाद्य कुणाचं?" असं विचारलं गेलं आहे.

आणि सामान: चांगली वायर दोन, डीआय बॉक्स, मानेला अडकवायचा ट्यूनर (गोंगाटात मोबाइलचा ट्यूनर खालची ई धरत नाही), रुंद पट्टा, ४५ ते १०५ जाडीच्या तारांचा एक सेट, ॲलन की, टेस्टर, गाद्या असलेली बॅग. बॅग किमतीत धरलेली आहे का, ते पैसे देण्याआधी विचारा. घरच्या होम थिएटरला बेस जोडून आवाज मोठा करू नका, स्पीकरचा कागद फाटतो. माझ्या मेव्हण्याचा फाटला. तो अजून काढतो तो विषय.

पायरी ८: पहिला उन्हाळा आणि पहिला पावसाळा

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, आणि कार्यक्रमांचा हंगामही तोच. बंद गाडीत किंवा टेम्पोच्या टपावर बेस ठेवू नका, उष्णतेने डिंक सुटतो. कूलरच्या थेट झोतासमोरही उभा करू नका.

कोरड्या हवेत लाकूड आकसतं, मान मागे जाते आणि पहिल्या काही फ्रेटवर तारा खडखडायला लागतात. कधी फ्रेटची टोकंही बाहेर येऊन बोचतात. पावसाळ्यात उलट: मान पुढे वाकते, तारा उंच होतात, बोटं दुखतात. बेस बिघडला म्हणून विकायला काढू नका. ई तार पहिल्या फ्रेटवर आणि मान अंगाला मिळते तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट बघा. तिथे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) ॲलन कीने घड्याळाच्या दिशेने फिरवा, फटच नसेल तर उलट दिशेने. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग तारा पुन्हा सुरात लावून बेस रात्रभर ठेवा आणि सकाळी परत बघा. की जोर लावूनही फिरत नसेल तर तिथेच हात काढा आणि पुण्याला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती बेस दुरुस्तीवाल्याकडे पाठवा.